हूं म्हणायला कोणीतरी

सकाळी फाट्यावर दूध आणायला गेले, तर बायकांनी भरलेला टेम्पो उभा होता. डोक्याला बांधलेले जुने दुपट्टे, अंगात नवऱ्याचे फुलबाह्यांचे शर्ट, मांडीवर डबे. म्हणजे कापसाची वेचणी लागली. दंव पडलेल्या पऱ्हाटीचा एक वास असतो, ओल्या पानाचा, थोडा औषधाचा, थोडा नुसत्या थंडीचा. तो वास त्या टेम्पोबरोबर आला आणि त्याच्याबरोबरच गेला. एक बाई काहीतरी सांगत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते बाकीच्यांचं "हूं". एक वाक्य झालं की हूं. दुसरं झालं की हूं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी ते हूं माझ्या कानात चालूच होतं आणि मी दुधाची पिशवी हातात घेऊन तशीच उभी.

माझं शिक्षण, माझी नोकरी आणि जी काही थोडी अक्कल मला आहे ती, सगळं या एका आवाजाभोवती फिरतं असं मी म्हटलं तर शहाणी माणसं हसतील. हसू देत.

मी सांगतेय तो हंगाम कापसाच्या वाईट वर्षांतला होता. पऱ्हाटीवर लाल्या आला होता, पानं लाल पडून गळत होती, आणि जे काही पांढरं फुटलं होतं त्याला भाव नव्हता. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. गावात टीव्हीवाल्यांच्या गाड्या यायच्या, लोकांना काहीबाही विचारायच्या, धूळ उडवून परत जायच्या. आणि त्याच वर्षी मी बी.ए. झाले होते. आमच्या घरातली पहिली. खरं सांगायचं तर आमच्या अख्ख्या गल्लीतली पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या टांगलेल्या आहेत त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. आमच्या भिंतीवर तोवर फक्त कॅलेंडर टांगलेलं होतं.

नोकरीही लगेच मिळाली. एक संस्था बाभुळगावकडच्या काही गावांत बालवाड्या चालवायची. पहिलीत जाण्याआधी पोरांना काय काय येतं ते पाहायचं, हे माझं काम. पाटी नाही, पेन्सिल नाही. एक कापडी पिशवी होती. तिच्यात लाकडी बैल, लाकडी कोल्हा, एक बाहुली, रंगीत ठोकळे आणि मूठभर चिंचोके. पोरांपुढे पिशवी ओतायची आणि ती काय करतात ते पाहायचं. मग एक गोष्ट सांगायला लावायची. खेळातून आणि गोष्टीतून मूल किती शिकलं ते समजून घ्यायचं. गावातल्या बायकांना याचं फार नवल. एक जण तर मला म्हणाली, "ताई, खेळनं त आमच्या पोट्ट्याले जन्मापासून येते. त्यात पास-नापास कायचं वं?"

हे काम आम्हाला शिकवायला पुण्याच्या एक मॅडम यायच्या. चांगल्या होत्या. आमच्यासारख्याच जमिनीवर मांडी घालून बसायच्या, आमच्या डब्यातली तिखट भाजी खाऊन डोळे पुसायच्या आणि पुन्हा मागायच्या. त्यांनी आम्हाला एक गोष्ट अगदी पक्की सांगितली होती. मूल बोलत असताना आपण मध्ये पडायचं नाही. मान हलवायची नाही, शाबासकी द्यायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. "वजन करताना काट्याला हात लावायचा नसतो," त्या म्हणाल्या. काट्याला हात लावणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे हे आम्हाला लगेच पटलं.

खेळाचं सगळं नीट जमायचं. बालवाडी भरायची त्या बुद्धविहाराच्या ओसरीत पोरं पिशवीभोवती कोंडाळं करायची आणि मी भिंतीला टेकून पाहत राहायची. कोण ठोकळे रंगानं वेगळे करतो, कोण आकारानं, कोण चिंचोके मोजून वाटतो, कोण न मोजता सगळे आपल्याकडे ओढतो, हे पाहता पाहता दुपार कधी सरायची कळायचं नाही. त्या वर्षी पोरांचा आवडता खेळ होता 'गाडी आली'. पालथ्या घमेल्यावर एक जण ड्रायव्हर होऊन बसायचा. दुसरा दाणे काढलेल्या कणसाचं बुरकुंड माईकसारखं हातात धरून तिसऱ्याच्या तोंडापुढे न्यायचा आणि साहेबी आवाज काढायचा, "बोला, तुमाले कसं वाटून राह्यलं?"

तिसऱ्यानं रडका चेहरा करायचा असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा तिसरा होता एक गोलमटोल पोरगा. तो म्हणाला, "मले भूक लागून राह्यली."

"असं नाय सांगत बे! गाडीवाल्याले असं नाय सांगत!" ड्रायव्हर घमेल्यावरून ओरडला.

मी हसले. मग बराच वेळ मला हसू आलं नाही. पाच वर्षांच्या पोरांना दुसऱ्याची भूमिका करता येते का, हे मला पाहायचं होतं. फार चांगली येत होती.

अडायचं ते गोष्टीपाशी. लाकडी कोल्हा हातात द्यायचा, म्हणायचं, सांग आता मला गोष्ट. "एक व्हता कोल्हा," एवढं म्हणून पोर थांबायचं. माझ्याकडे पाहायचं. मी भिंतीसारखा चेहरा करून बसलेली. पोर थोडा वेळ वाट पाहायचं आणि कोल्हा खाली ठेवून द्यायचं. एकामागून एक पोरांच्या गोष्टी पहिल्याच वाक्यात मरत होत्या. या भागात मुलांची भाषा कच्ची आहे, असं सगळीकडे बोललं जायला लागलं होतं. हे ऐकलं की मला चीड यायची. मीही याच भागातली. माझी भाषा कोणाच्या बापाला कच्ची वाटली होती?

या सगळ्यांत आचल होती. बारीक चणीची, केसांना तेल चोपडलेली, डोळे सारखे काहीतरी शोधणारे. तिचा बाप वणीकडे कोळशाच्या ट्रकवर होता, सणावाराला घरी यायचा. आई, शोभाताई, दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची. आचल खेळायची झकास. बैलाला बाहुलीच्या ओढणीची वेसण घालायची, चिंचोक्यांची रांग करून ती ओलांडायला कोल्ह्याला शिकवायची. पण तोंडातून शब्द नाही. मागच्या वर्षीही ती अशीच बसली होती, म्हणून पहिलीत गेली नव्हती. शाळेचे गुरुजी सरळ सांगायचे, "मुलगी बोलत नाही. न बोलणारं पोर वर्गात घेऊन मी काय करू?"

शोभाताई मला रस्त्यात गाठायची. "घरी त पटपट बोलते वं ताई. अठी आली का काय दातखीळ बसते, देव जाने." आणि मग, नजर दुसरीकडे करून, "आवंदा नाय घेतली त मी नेतो तिले वावरात. बारक्याले पाहाले कोनी नाय. एकडाव वावरात गेली का मंग कायची शाळा."

हे धमकी म्हणून ती बोलत नव्हती. जे होणार होतं ते सांगत होती. माझ्या वर्गातल्या किती मैत्रिणी अशाच एकडाव वावरात गेल्या आणि परत आल्या नाहीत, ते मला माहीत होतं.

वेचणीला जोर आला तशी बालवाडी ओस पडली. पोरं आयांबरोबर वावरात. मग मीही पिशवी घेऊन वावरात जायला लागले. एके दिवशी शोभाताई वेचत होती त्या वावरात गेले. बांधावर पळसाचं झाड होतं, त्याला लुगड्याची झोळी बांधलेली, आत आचलचा धाकटा भाऊ बारक्या झोपलेला. झोळीची दोरी आचलच्या हातात. समोर पऱ्हाटीच्या ओळींतून बायकांच्या फक्त पाठी दिसत होत्या, कमरेच्या ओट्या कापसानं फुगत चाललेल्या. मी तिच्याजवळ बसले. पिशवीतून काहीच काढलं नाही. नुसतं म्हटलं, "सांगतेस का गोष्ट?"

तिनं दोरी ओढली. "एक व्हता कापूस."

थांबली. माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे. मी गप्प. तिनं दोरी सोडली, पुन्हा ओढली आणि कपाळाला आठ्या घालून, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी वैतागून म्हणाली,

"तुमी हूं काहून नाय म्हनत?"

"म्हणायचं नसतं."

"मंग मी कोनाले सांगू? झाडाले?"

वाऱ्यानं झाडाची पानं हलली. मला वाटलं, झाडसुद्धा माझ्यापेक्षा बरं ऐकतंय.

हुंकारा. मी तर त्यातच वाढले होते! आमच्याकडे गोष्ट एकट्यानं सांगताच येत नाही. सांगणारा एक पाऊल टाकतो, ऐकणारा हूं म्हणतो, मग सांगणारा दुसरं पाऊल टाकतो. हूं आलं नाही तर ऐकणारा झोपला, गोष्ट तिथंच थांबवायची, असा कायदाच आहे. आणि मी बी.ए. कशी झाले? आमच्या घरी पुढच्या खोलीत भाव यायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेला असायचा आणि आम्ही माणसं ओसरीत. संध्याकाळी माय कापसातला काडीकचरा वेचत बसायची आणि मी शेजारी इतिहासाचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. मायला अक्षर येत नव्हतं. पण प्रत्येक वाक्याला तिचं हूं यायचं. मी अडखळले की ती मान वर करायची, "मंग?"

"मंग काय, तह झाला. आता तहाची कलमं आली."

"कलमं? कायची, आंब्याची?"

"अवं माय, कागदावरची!"

"हूं," माय म्हणायची. "कागदावर लावून राह्यले त मंग फळ कधी येईन?"

तिन्ही वर्षं ती अशी माझ्या पुस्तकांना हूं म्हणत राहिली. माझा निकाल लागला तेव्हा साखरेची वाटी घेऊन ती घरोघर फिरली आणि सगळ्यांना एकच सांगितलं, "आमी पास झालो." लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तर त्या पळसाखाली मी आचलला म्हटलं, "हूं."

तिनं मान डोलावली, जसं काही मी एका परीक्षेत पास झाले. आणि गोष्ट सुरू झाली. बारक्या उठून रडेपर्यंत ती बोलत होती.

मॅडम पुढच्या फेरीला आल्या तेव्हा मी त्यांना ओसरीतच गाठलं. गुरुजीही होते. मी सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, पण ही मदत झाली ना? तू काट्याला हात लावलास."

"नाही मॅडम. हूं म्हणजे मदत नाही. पुढं काय सांगायचं ते हूं सांगत नाही. हूं म्हणजे फक्त, मी इथं आहे."

"बरं. पण एका मुलाला हूं म्हटलंस आणि दुसऱ्याला नाही, तर माप एकसारखं कसं राहील?"

प्रश्न खरा होता. पुण्याची असो की बाभुळगावची, बाई हुशार होती. मी जे अगदी सोपं होतं ते म्हटलं, "मग सगळ्यांना म्हणू."

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या आणि एकदम हसल्या. "बोलव तिला. मीच ऐकते."

शोभाताई त्या दिवशी वेचणी सोडून आली होती. दाराशी उभी, ओटीला अजून कापसाचे धागे चिकटलेले. आचल मॅडमसमोर बसली. लाकडी कोल्हा तिनं बाजूला सारला.

"एक व्हता कापूस."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या.

आचलनं माझ्याकडे पाहिलं, हिला काही येत नाही वाटतं, असं. मग समजावून सांगितलं, "अच्छा नाय. हूं."

"हूं," मॅडम म्हणाल्या.

"आत्ता नाय. मी सांगितल्यावर."

गुरुजी खोकले. शोभाताईनं पदर तोंडाला लावला.

"एक व्हता कापूस."

"हूं."

"त्याचा बाप वणीले गेलता. त्याले लय आठोन येये."

"हूं."

"मंग तो बोंडातून निंगला. सडकेवर उभा राह्यला. एक टरक आला. कापूस म्हने, मले वणीले नेता का? टरकवाला म्हने, बस वरतं."

"हूं."

"वरतं होता कोळसा. कापूस बसला कोळशावर. गेला, गेला, गेला. वणीले उतरला त काळाकुट्ट! बाप म्हने, कोन हायेस बे तू? कापूस म्हने, मी तुमचा कापूस. बाप म्हने, माहा कापूस त पांढरा हाय."

मॅडम हूं म्हणायला विसरल्या. आचल थांबली. शोभाताईनं तोंडावरचा पदर डोळ्यांकडे नेला होता. मग दाराशी उभे असलेले गुरुजी, आपल्याच लक्षात न येता, घसा साफ करून म्हणाले, "हूं."

"मंग तो पायी पायी घरी आला. लोकं म्हने, हा कोन काळा? पन त्याच्या मायनं वळखलं. घेतलं कडेवर. झाली गोष्ट."

मॅडमनी विचारलं, अगदी हळू, "बाळा, आईनं कसं ओळखलं गं? तो तर काळा झाला होता."

आचलला प्रश्न फारच बावळट वाटला असावा. "माय पोटात हात घालून पाह्यते न. आतमंदी सरकी होती. सरकी त आधीचीच काळी असते. ते कायची मळते!"

क्रम कळतो का, कारण सांगता येतं का, दुसऱ्याचं मन समजतं का, अडचणीतून वाट काढता येते का, हे सगळं आम्हाला पोरांच्या गोष्टीत शोधायचं होतं. मॅडमनी त्यातलं काही मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांनी फक्त गुरुजींकडे वळून म्हटलं, "गुरुजी, हिला जूनमध्ये पहिलीत घ्या."

गुरुजी म्हणाले, "मॅडम, ती बोलत नव्हती म्हणून..."

"आता तुम्ही हूं म्हटलंत. बोलली ती."

जूनमध्ये आचल पहिलीत बसली. शोभाताईनं बारक्याला पाहायला आपली म्हातारी मावशी कळंबकडून बोलावून घेतली. गुरुजी दिवाळीच्या आधी मला बाजारात भेटले तर तक्रार करत होते, "ताई, तुमची ती पोट्टी आता थांबतच नाही हो. हूं म्हणून म्हणून मलाच तहान लागते." त्या तक्रारीसारखं गोड मी त्या वर्षी दुसरं काही ऐकलं नाही. वर्ष तसं फार कडू होतं.

मॅडमनी पुढच्या प्रशिक्षणात आम्हा सगळ्या तायांना हूं म्हणायला लावलं. कोणाचं हूं लांब, कोणाचं तुटक, कोणाचं नाकातून. आम्ही हसून हसून लोळलो. पण नंतर गावोगावच्या गोष्टी पहिल्या वाक्याच्या पुढे गेल्या. कोल्हा नदी ओलांडून गेला, बैल बाजारातून पळून घरी परतला, आणि एका गोष्टीत तर गाडीवाल्याच्या तोंडापुढेच एका म्हातारीनं बुरकुंड धरलं आणि विचारलं, तुमाले कसं वाटून राह्यलं? भाषा कच्ची नव्हतीच. ऐकणारे गप्प होते.

मी तेव्हापासून याच कामात आहे. आता पोरांची गोष्ट मोबाईलवर भरून घेतात. चांगलं आहे, पुन्हा पुन्हा ऐकता येतं. नव्या ताया मला विचारतात, फोन कुठं धरायचा? मी सांगते, कुठंही धरा. फोनला हूं म्हणता येत नाही, ते तुम्ही म्हणा.

माय या उन्हाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिला काही आठवत नव्हतं, मला कधी ताई म्हणायची, कधी अवं बाई. पण मी शेजारी बसून दिवसभराचं सांगायला लागले की बरोबर जागेवर हूं यायचं. तेवढं तिचं कधी चुकलं नाही. ती गेल्यावर पुष्कळ लोक येऊन गेले, मी सगळ्यांशी नीट बोलले, चहा केला. काय झालं, कसं झालं, ते सांगितलं. मायबद्दल मात्र काही सांगता आलं नाही.

आज फाट्यावरून घरी आले, दूध तापवायला ठेवलं आणि आचलला फोन लावला. ती यवतमाळला नर्स आहे आता. म्हातारे पेशंट तिला सोडत नाहीत, असं शोभाताई सांगत असते. फोन उचलल्याबरोबर ती म्हणाली, "बोला ताई." मी म्हटलं, काही नाही, वेचणी लागली म्हणून फोन केला. मग म्हटलं, आज टेम्पोतल्या बायका हूं म्हणत होत्या. मग म्हटलं, माझी माय कापसातला कचरा वेचत बसायची तेव्हा...

आणि तिथं अडले. दूध उतू चाललं होतं, मी गॅस बंद केला. पलीकडून काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, फोन कटला, नाहीतर तिला कोणी हाक मारली असेल, कामावर आहे पोरगी.

"आचल? आहेस ना?"

"हूं," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "मंग?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सांगायला लागले.